साथीला एक छोटा संगणक

बसा.

टेबल आवरलेलं असू द्या. समोर एक रास्पबेरी पाय. त्यावर बसणारा डॅकचा, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा, बोर्ड. एक मायक्रोएसडी कार्ड, एक पॉवर सप्लाय, एक लॅन केबल. शेजारी तुमचा रोजचा ॲम्प आणि दोन स्पीकर.

अजून कशालाही वीज लावू नका.

श्वास आत येतो आहे. बाहेर जातो आहे. त्याला त्याच्या चालीनं चालू द्या.

दिवस कलला आहे. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते. खाली रिक्षा वळते. हे सगळं असू द्या. या आवाजांना हाकलायचं नाही. ते कानावर येताहेत, एवढंच लक्षात असू द्या.

आता रास्पबेरी पायच्या बोर्डकडे बघा.

हिरवा. 85 मिलिमीटर लांब, 56 रुंद. तळहातावर मावतो. हा पुरा संगणक आहे. मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून केंब्रिजमधल्या मंडळींनी तो घडवला आणि 2012 च्या 29 फेब्रुवारीला पहिल्यांदा विक्रीला आणला. तुमच्यासमोरचा चौथ्या पिढीतला, 2019 सालचा. त्याला हिशेब करता येतात, चित्रपट दाखवता येतो, पत्र लिहिता येतं.

आज त्याला यातलं काही करायचं नाही.

आज त्यानं एकच काम करायचं. गाणं पोचवायचं.

तुम्हालाही आज एकच काम आहे.

नजर सावकाश फिरवा. एका कडेला यूएसबी आणि लॅनची सॉकेट्स. आत थोडं सरकलेला, धातूच्या झाकणाचा चौकोनी प्रोसेसर. लांब बाजूला पिनांच्या दोन रांगा, वीस आणि वीस. उजेडात त्या पिवळसर चमकतात.

डॅकचा बोर्ड उचला. पिनांवर अलगद टेकवा. दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. तो थोडा थोडा खाली जातो, आणि मग बसतो. बोटांना ते कळतं.

थांबा.

या चाळीस पिनांपैकी गाण्याच्या वाट्याला तीन येतात. बारावी, पस्तिसावी आणि चाळिसावी. एकीवरून ठोके जातात. दुसरी सांगते, आत्ताचा आकडा डाव्या स्पीकरचा की उजव्या. तिसरीवरून खुद्द आकडे. तीन तारांची ही पद्धत फिलिप्सनं 1986 मध्ये मांडली, आणि आजही तीच चालते.

त्या तीन पिना डोळ्यांनी शोधा. सापडल्या नाहीत तरी चालेल. त्या तिथे आहेत.

डॅकच्या बोर्डवर आता दोन अगदी लहान धातूचे चौकोन दिसतील. स्वस्त बोर्डवर ते नसतात, चांगल्यावर असतात. ते ऑसिलेटर. एक सेकंदाला 2 कोटी 25 लाख 79 हजार 200 वेळा थरथरतो. दुसरा 2 कोटी 45 लाख 76 हजार वेळा.

पहिला आकडा 512 नं भागा. 44,100 येतात. दुसरा भागा. 48,000 येतात. पहिला सीडीवरच्या गाण्यांसाठी, दुसरा व्हिडिओच्या जगातून आलेल्या आवाजांसाठी. दोघांचा हिशेब वेगळा, म्हणून दोघांना आपापला ठोका.

पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी या दोन चौकोनांकडे बोट दाखवीन. मनगटाएवढ्या जाड केबलींकडे नाही.

ते अजून थरथरत नाहीत. वीज नाही.

श्वास घ्या. सोडा.

कार्डचं काम लवकर होतं. दुसऱ्या संगणकावरून त्यावर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ ही गाणी वाजवणारी प्रणाली लिहून घ्यायची. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही चांगली. आत वाजवण्याचं काम करणारा प्रोग्रॅमही साधारण एकच, एमपीडी नावाचा. लिहायला काही मिनिटं लागतात. पट्टी पुढे सरकते. तेवढ्यात फोन हातात घेऊ नका. पट्टीकडे बघा, नाहीतर खिडकीकडे बघा.

पट्टी संपली. कार्ड बोर्डच्या पोटाखालच्या खाचेत सरकवा. लॅनची केबल लावा.

आता वीज.

पॉवर सप्लाय 5 व्होल्टचा, 3 अँपिअरचा, नीट. फोनचा पडून असलेला चार्जर नको. पुरवठा 4.63 व्होल्टच्या खाली घसरला की बोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो. तसं होत असेल तर इथेच थांबा आणि सप्लाय बदला. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

लाल दिवा स्थिर आहे.

त्याच्या शेजारी हिरवा दिवा. तो फडफडतो. कार्ड वाचलं जातं आहे. थांबतो. पुन्हा फडफडतो. त्याला ठरलेली लय नाही. काम जसं येतं तसा तो चालतो.

त्याच्याकडे बघत राहा.

पडदा जोडलेला नाही. कीबोर्ड नाही, माउस नाही. जोडायचेही नाहीत. हा संगणक तुमच्याकडे काही मागणार नाही. तुम्हाला काही दाखवणार नाही. त्याच्या अंगावर सूचना झळकायला जागाच नाही.

फोनच्या ब्राउझरमध्ये त्याचा घरातला पत्ता टाका. एक साधं पान उघडतं. इथून त्याच्याशी बोलायचं.

आता आपण एकेक गोष्ट बंद करत जाऊ. सावकाश. प्रत्येक वेळी एक श्वास.

वायफाय. लॅनची केबल आहे. बंद.

ब्लूटूथ. बंद.

एचडीएमआय. पडदा नाही. बंद.

एका गाण्यातून दुसरं उमलवणारं क्रॉसफेड. बंद.

सगळी गाणी सारख्या जोरात आणणारी सोय. बंद. दबक्या आवाजात गायलेलं दबकंच यायला हवं.

रीसॅम्पलिंग, म्हणजे आलेल्या आकड्यांवरून वेगळे आकडे बनवणं. बंद. जे आले तेच पुढे जाऊ देत.

आणि आवाजाची पट्टी.

इथे थोडं थांबू.

या पानावरची आवाजाची पट्टी जर प्रोग्रॅमच्या हाती असेल, तर ती खाली ओढताना नुसता आवाज कमी होत नाही. प्रत्येक आकडा लहान होतो. सीडीवरचा एक आकडा 16 बिटांचा असतो, म्हणजे आवाजाची उंची 65,536 पातळ्यांपैकी एकीवर बसते. आकडे निम्मे केले की शेवटचा एक बिट पुसला जातो. पुन्हा निम्मे, आणखी एक. पुसलं जातं ते सगळ्यात खालचं. विरत जाणारा स्वर. सुराच्या मागची हवा. मोठ्या आवाजाला धक्का लागत नाही, आणि म्हणून पुसल्याचं कुणाला कळत नाही.

चांगले बोर्ड आत 24 किंवा 32 बिटांची जागा ठेवून हे नुकसान बरंच टाळतात. तरी मी ती पट्टी पूर्णावर अडकवून ठेवतो. आवाज कमी-जास्त करायचा तो ॲम्पच्या गोल बटणानं, हातानं.

पट्टी पूर्णावर नेण्याआधी ते बटण उठून खाली आणा. अगदी खाली. आता बोर्डमधून दोन व्होल्टच्या आसपासचा पुरा सिग्नल बाहेर पडणार आहे.

आणलं? बसा.

ॲम्प चालू करा.

अजून काही वाजत नाही. बटण हळूहळू वर न्या. नेहमी ऐकता तिथपर्यंत. मग आणखी थोडं.

ऐका.

स्पीकरमधून काय येतं?

कदाचित बारीक सळसळ. ती जवळजवळ सगळ्याच ॲम्पमध्ये असते, आणि खुर्चीपर्यंत पोचत नसेल तर ती असू द्या.

कदाचित एक खालचा, जाड, एकसारखा गुंजारव. तो नको. तो घरातल्या विजेचा आहे. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं पुरी करते, आणि तिचा आवाज 50 वर आणि 100 वर ऐकू येतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज याच दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. गुंजारव राहिला तर तो खर्जाला चिकटून बसेल, आणि तो बेसूर असेल.

सगळी उपकरणं विजेच्या एकाच बोर्डवरच्या सॉकेट्समध्ये लावून बघा. सप्लाय ऑडिओच्या तारांपासून दूर करा. एकेक बदल. प्रत्येक बदलानंतर पुन्हा बसा. पुन्हा ऐका.

हा वेळ मला फार मोलाचा वाटतो. काहीही लावलेलं नाही आणि आपण कान देऊन बसलो आहोत, असं एरवी कधी घडतं?

गुंजारव गेला.

खोली आहे. पंखा आहे. तुमचा श्वास आहे. स्पीकर जिथे आहेत तिथे काही नाही.

त्या काही नसण्याशी थोडा वेळ बसा.

बटण पुन्हा नेहमीच्या जागी आणा.

आता आकड्यांकडे वळू. डोळे मिटायचे असतील तर मिटा.

एक सेकंद मनात घ्या. तंबोऱ्याची एक तार छेडून बोट उचलण्याइतका.

त्या एका सेकंदात सीडीनं आवाज 44,100 वेळा मोजलेला आहे. डाव्या बाजूचा तितक्या वेळा, उजव्याचा तितक्या वेळा. माणसाचा तरुण कान साधारण 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. एखादं कंपन पुरतं पकडायचं तर ते दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. हे क्लॉड शॅननच्या 1949 च्या निबंधात नीट सिद्ध केलेलं आहे. सीडी 1982 मध्ये आली. ती त्या सिद्धतेवर उभी आहे.

आता दोन मोजण्यांच्या मधे या.

किती मोठी आहे ही मधली जागा? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम 23. तेवढ्या काळात आवाज हवेतून 8 मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाही.

त्या जागेत काही मोजलेलं नाही. आकडा नाही. नोंद नाही.

पुष्कळ लोकांना वाटतं की तिथे गाणं तुटलेलं आहे. डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्या, असं एक चित्र वर्षानुवर्षं छापलं जातं. ते चित्र चुकीचं आहे. डॅकमधून बाहेर पडते ती सलग, गोल लाट. मोजलेल्या बिंदूंमधून, ऐकू येणाऱ्या कंपनांपुरती, एकच लाट जाऊ शकते. दुसरी नाही. म्हणून मधल्या जागेत काय होतं हे मोजावं लागत नाही. ते ठरलेलंच असतं.

याच्यापाशी थांबा.

न मोजलेलं, तरी हरवलेलं नाही.

श्वास आत. श्वास बाहेर. दोहोंच्या मधे जो थोडा विसावा आहे, तोही बघा.

हे आकडे कार्डवर फ्लॅकमध्ये ठेवा. तुमच्या कपाटातल्या सीडी काढा, एकेक करून उतरवा. फ्लॅक जॉश कोल्सननं लिहिलं, 2001 मध्ये त्याची पहिली पुरी आवृत्ती आली. ते गाणं दाबून लहान करतं आणि वाजवताना पहिला आकडा न् आकडा परत देतं. एमपी3 तसं करत नाही. ते जागा वाचवायला काही स्वरांश कायमचे सोडून देतं. रिक्षात, बसमध्ये ऐकताना मला त्याची खंत नाही. इथे आहे. आपण ज्यासाठी बसलो आहोत ते नेमकं त्या सोडून दिलेल्यांत असू शकतं.

चला. आता तंबोरा.

गायक नको, ठेका नको. नुसत्या तंबोऱ्याचं एक रेकॉर्डिंग यादीत घ्या. पुरुषांच्या पट्टीतलं, काळी एकचं. अजून वाजवू नका.

आधी तो डोळ्यांसमोर आणा.

मिरजेचा आहे. तिथल्या सतारमेकरांच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती कारागिरी मात्र पिढ्यान्पिढ्यांची. खाली वाळवलेला भोपळा. वर लांब दांडी. चार तारा. आणि भोपळ्याच्या पोटावर बसलेली घोडी.

घोडीच्या जवळ या. आणखी जवळ.

तिचा माथा सपाट दिसतो. तो सपाट नाही. अगदी थोडा उतार आहे त्याला, कानसून कानसून आणलेला. तार त्या उतारावर अंग टाकते. आणि तारेच्या खाली, घोडीच्या माथ्यावर, सुताचा एक धागा आहे.

तो धागा बोटानं किंचित पुढे सरकवा. मनातच.

तार बोदी वाजते आहे. आणखी थोडा. अजून बोदी. आणखी केसभर.

उघडली.

जवारी लागली. एका तारेतून आता स्वरांची झालर बाहेर पडते आहे. धागा एवढासा पुढे गेला असता तर ती पुन्हा मिटली असती.

फोनवर बोट ठेवा. वाजवा.

फोन पालथा ठेवा.

पहिली तार. पंचम. तो येतो आणि राहतो.

दुसरी. षड्ज.

तिसरी. तोच षड्ज.

चौथी. खर्ज. खालून येतो. खुर्चीत येतो.

पुन्हा पहिली.

ऐका.

मोजू नका. तंबोऱ्याला मात्रा नाहीत. एक आवर्तन, मग दुसरं. श्वास त्याच्या मागे जात असेल तर जाऊ द्या.

पुन्हा खर्ज. आता कान फक्त खर्जाकडे द्या. बाकीच्या तारा येतील, जातील. तुम्ही खर्जाची वाट बघा.

आला.

तो सेकंदाला साधारण 69 वेळा कापतो आहे. त्याच्या दुप्पट, 139 च्या आसपास, त्याच्या वरचा षड्ज. तिप्पट, 208, पंचम. चौपट, पुन्हा षड्ज.

पाचपट. 346.

तिथे कान लावा.

लगेच नाही ऐकू येणार. पुढच्या खर्जाची वाट बघा. तार छेडल्या छेडल्या नाही. थोडं नंतर. आवाज उमलून परत मिटायला लागतो तिथे.

आला?

गंधार.

कुणी छेडलेला नाही. चारांतली एकही तार गंधाराची नाही. तरी तो आहे. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीतल्या गंधाराहून तो किंचित उतरलेला असतो, आणि कानाला जास्त निवांत वाटतो.

पुढच्या आवर्तनात पुन्हा ऐका.

नाही आला तर नाही. पुढे आहे आणखी एक आवर्तन.

सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास आपल्या या वाद्यांवर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू पडतो, तो स्वरांश उमटू नये, असा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, असं त्यांना दिसलं. कारण ती घोडी. तिचा तो जेमतेम उतार.

गंधार त्या उतारातून येतो. आणि आज तो तुमच्या खोलीत, कितीतरी आकड्यांच्या वाटेनं, वाटेत कुणी हात न लावता आलेला आहे.

थोडा वेळ काही करू नका. तंबोरा चालू द्या.

मैफलीत गायकाच्या मागे तंबोऱ्यावर कुणीतरी बसलेलं असतं. बहुतेक वेळा शिष्य, शिष्या. गाणं कुठेही जावो, त्यांचा हात तसाच चालतो. ठेक्याच्या मागे तो धावत नाही. तानेनं घाईला येत नाही. समेला टाळ्या पडल्या तरी थांबत नाही. फोटोत त्यांचा चेहरा अर्धा असतो, कधी नसतोच.

टेबलावरच्या त्या हिरव्या बोर्डला मी याहून वेगळी जागा देऊ शकत नाही. मागे बसायचं. अखंड राहायचं. आपलं काही घालायचं नाही.

आणि अखंड म्हणजे अक्षरशः अखंड. पुष्कळ सीडींवर विलंबित ख्याल एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा असतो. गाणं मात्र सलग गायलेलं असतं. कित्येक यंत्रं दोन ट्रॅकच्या मधे अर्धा सेकंद गप्प होतात. एवढ्यानं तंबोरा तुटतो. एमपीडी तिथे थांबत नाही. एखादा विलंबित संपताना मुद्दाम ऐकून बघा. जोड लागला पाहिजे, आणि कुठे लागला ते कळता कामा नये.

तंबोरा थांबवा.

खोली ऐका. ती आता मघापेक्षा मोठी वाटते का?

खिडकीबाहेर बघा. उजेड संपत आला आहे. दिवा लावू नका एवढ्यात.

ही मारव्याची वेळ.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावा. तो ज्या एलपीवर आला, तिच्या एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. पुढे ती सीडीवरही आली. यादीत दोन ओळी दिसतील. पहिलीवर बोट ठेवा. शेजारी एकच ट्रॅक वाजवून थांबण्याचं चिन्ह असतं, तेही दाबा. फोन पालथा.

आला.

आवाज खालून येतो. घाई नाही. ते स्वराला हाका मारत नाहीत. स्वराच्या जवळ जातात आणि थांबतात.

तुम्हीही थांबा.

या मारव्यात पंचम नाही. आणि षड्ज, जो घर, तोसुद्धा टाळलेला. रिषभाला कोमल वळण, धैवतावर मुक्काम, निषादाहून वर, आणि षड्जाला स्पर्श न करता परत. ऐकताना आत कुठेतरी ओढ लागते. ती लागू द्या. तिला नाव देऊ नका.

आता कान मागे न्या. गायकाच्या मागे.

जुनं रेकॉर्डिंग आहे, तंबोरा दबलेला आहे. पण आहे. पहिली तार या रागात पंचमात मिळवत नाहीत, निषादात किंवा धैवतात मिळवतात. तरी खर्ज खर्जच आहे. आणि खर्जाचं तिसरं कंपन कुणी पुसू शकत नाही. ते पंचमाचं आहे.

म्हणजे ज्या स्वराकडे खाँसाहेब मुळीच जात नाहीत, तो मागे आपोआप, पुसट, वाजतोच आहे.

ऐकू येतो का?

कदाचित नाही. मलाही दर वेळी येत नाही. ज्या संध्याकाळी येतो, त्या संध्याकाळी मारव्याची ती ओढ कुठून येते हे थोडं उमगल्यासारखं वाटतं. गाणं एकीकडे पाठ फिरवून चाललेलं, आणि मागे तंबोरा ते धरून बसलेला.

त्यांच्या आवाजात परत या.

झुमरा चालला आहे. चौदा मात्रा, अतिविलंबित. एक मात्रा एवढी लांब की तिच्यात एक पुरा श्वास मावतो. सम येईल तेव्हा येईल.

1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा तबकडीवर तीन मिनिटांची जागा होती. तीन मिनिटांत हा विलंबित पहिली दोन पावलं टाकतो. त्या काळच्या गायकांनी तेवढ्यात काय काय बसवलं याचं मला नवल वाटतं. पण हे गाणं लाँग प्ले तबकडी आल्यावरच घरात येऊ शकलं. एका बाजूला वीसेक मिनिटं.

आज जागेचा प्रश्न नाही. एवढा मारवा मुळीच न दाबता ठेवला तरी दोनशे-सव्वादोनशे मेगाबाइट. त्या कार्डच्या कोपऱ्यात मावेल. जागा लागते ती ऐकणाऱ्याकडे.

म्हणून बसा. एवढी वीस मिनिटं.

मन कुठे गेलं तर कळेल. भाजीत गेलं असेल, उद्याच्या कामात गेलं असेल, केबल बदलावी का यात गेलं असेल. रागावू नका. खर्जापाशी परत या. तो तिथेच आहे.

स्वर वर चढतो आहे. सरगम सुरू होते. तार षड्ज जवळ आला.

आत्ता काही बोलू नये.

लय वाढली. द्रुत. तबल्यावरची थाप मोकळी झाली. अंगात हालचाल होत असेल तर होऊ द्या.

आणि संपलं.

हिरवा दिवा आता शांत आहे, लाल लागलेला. पुढचा ट्रॅक आपणहून सुरू झाला नाही. मघाशी ते चिन्ह दाबलं ते यासाठी. एलपी होती तेव्हा उठून तबकडी उलटावी लागे, आणि त्या उठण्यात मारवा उतरायला वेळ मिळे. यादीला उठावं लागत नाही. ती थेट दरबारीवर जाईल. दरबारी रात्रीचा राग आहे, आणि संध्याकाळी तो लावणं मला पटत नाही.

तेव्हा ॲम्प बंद करा. छोटा संगणक चालू राहू दे, त्याला वीज फारशी लागत नाही. दिवे लावा. स्वयंपाकाचं बघा, जेवून घ्या, ओटा आवरा. दहाच्या पुढे, खालची रहदारी कमी झाली की दरबारी लावू. घरात आणखी कुणाला ऐकायचं असेल तर आत्ताच विचारून ठेवा, आणि त्यांची खुर्ची तुमच्या खुर्चीला लागून मांडा, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर.